बालकास मातेची ओळख नाही

कलेक्टर कचेरीच्या मागच्या गल्लीत झेरॉक्स आणि टायपिंगचं एक दुकान होतं. तिथे मी बरीच वर्षं बसले. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, जे येईल ते. माहितीच्या अधिकाराचा कायदा आला तेव्हा सुरुवातीला कुणी फिरकलं नाही. मग हळूहळू लोकांना त्याची चव लागली. निराधारचा पगार का बंद पडला, कागदावर झालेला रस्ता जमिनीवर कुठे आहे, माझ्या सातबाऱ्यावर हे दुसरं नाव कुठून आलं. मी टाइप करायचे, वर कोर्ट फीचा स्टॅम्प चिकटवायचे आणि माणूस तो अर्ज छातीशी धरून रस्ता ओलांडायचा. दुकानाचे मालक म्हणायचे, "विचारा, विचारा. सरकारला विचारायला दहा रुपये. घरी बायकोला विचारून बघा केवढ्याला पडतं ते."

दुपारी माझी आई डबा घेऊन यायची आणि माझं जेवण होईपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसायची. गिऱ्हाइकांची बोलणी कान देऊन ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण कुठल्या अर्जाचं उत्तर कधी येतं, नाही आलं तर अपील कुणाकडे करायचं, हे तिला पाठ झालं होतं. एक दिवस पायरीवरूनच, मागे न बघता ती म्हणाली, "आपलं बी मागता यील का गं?"

"आपलं काय?"

"तुझं. तुझी फायल. तिच्यात त्याचं आसंलच ना."

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. मेला नव्हता. आम्ही बालगृहात असताना दत्तक गेला होता. त्याला बरीच वर्षं झाली होती आणि त्या सगळ्या वर्षांत आम्ही दोघींनी एकमेकींसमोर त्याचा विषय काढला नव्हता.

मी म्हटलं, "एवढं जुनं कोण सांभाळून ठेवतंय, मावशी."

मी माझ्या आईला मावशी म्हणायचे. ते का, हे आधी सांगायला हवं.

वडील वारले तेव्हा मी शाळेत नुकती जायला लागले होते आणि भाऊ अंगावर पीत होता. सिन्नरकडच्या आमच्या गावात राहण्यासारखं काही उरलं नाही. आई चांदवडला कांद्याच्या खळ्यावर कामाला लागली. खळं म्हणजे व्यापाऱ्याचं मोकळं आवार. बाया ओळीने बसून कांदा निवडतात. मोठा एकीकडे, बारकी गोल्टी दुसरीकडे, सडका फेकायला. आमचं राहणंही तिथेच, पत्र्याखाली, गोण्या भरणाऱ्या ट्रकांच्या मधोमध. एकदा मागे येणाऱ्या ट्रकच्या चाकाखाली भाऊ यायचा राहिला. तेव्हा शेजारी निवडायला बसणाऱ्या बाईने आईला नाशिकच्या बालगृहाचं सांगितलं. ते मुलींचं होतं, पण अगदी लहान मुलगा असला तर बहिणीबरोबर ठेवून घ्यायचे. "फक्त आई म्हणून जाऊ नको," ती बाई म्हणाली. "आईवाल्यांना जागा नाय. मावशी म्हणून जा. समद्या तसंच करत्यात."

खरंच सगळ्या तसंच करायच्या. आमच्या खोलीतल्या निम्म्या मुलींना मावश्या होत्या. महिन्यातून एका रविवारी या मावश्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायच्या. कुणी वेणी घालून द्यायची, कुणी पुडीतला लाडू मोडून भरवायची, कुणी नुसतीच पदराने डोळे पुसत राहायची. अधीक्षिका बाईंना माहीत होतं, स्वयंपाकीण बाईंना माहीत होतं. बोलायचं कुणी नाही. वरून तपासणीला साहेब येणार असले की आदल्या दिवशी बाई आम्हाला रांगेत उभ्या करून घोकून घ्यायच्या. आई? नाही. वडील? नाही. भेटायला कोण येतं? मावशी. चुकलेल्या मुलीला मारायच्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "तुझं नाव कमी होईल हं, बाळा." त्यापेक्षा मार परवडला असता.

माझी मावशी फाटकातून आत आली की मुली नाक धरायच्या.

"ए, तुझी कांदा-मावशी आली बघ."

"कांदा कुठला गं, गोल्टी-मावशी म्हण. उंची बघ ना तिची."

मीसुद्धा हसायचे. तिच्या लुगड्याला, बोटांना, केसांना तो वास असायचा, आणि ती जवळ घ्यायला लागली की मी हळूच मान मागे घ्यायचे. आईला मावशी म्हणायला मला काही जड गेलं नाही. हे आज लिहितानाही बोटं थांबतात, पण खरं आहे. पहिल्या दिवशी तिने फाटकाबाहेर मला समजावलं, "मी मावशी. इसरलीस तर दोघांना बी भायेर काढत्याल." मी विसरले नाही.

भाऊ मात्र विसरायचा. तो तिला बघितलं की आई म्हणून धावायचा. मी त्याला कोपऱ्यात नेऊन चिमटे काढून मावशी शिकवलं. मग तो मावशी म्हणायला लागला आणि आई हा शब्द त्याने स्वयंपाकीण बाईंना दिला, कारण तसं म्हटलं की त्या गरम भाकरीचा पापुद्रा त्याच्या हातावर ठेवायच्या. झाडूवाल्या बाईलाही एक-दोनदा म्हणून बघितलं. तिच्याकडे काही नव्हतं, तेव्हा तिला म्हणायचं सोडून दिलं.

तो अंथरूण ओलं करायचा. बहीण असल्यामुळे चादर धुणं माझ्याकडे होतं. सकाळी बाकीच्या मुली प्रार्थनेला जाताना मी मागच्या हौदाशी बसलेली. थंडीत त्या पाण्याने हात सुन्न व्हायचे. शाळेत बोटं वळायची नाहीत, आणि माझं अक्षर तर वर्गात चांगलं होतं. चौथीच्या स्कॉलरशिपला शाळेतल्या बाईंनी मला बसवलं होतं. कुणीतरी माझं चांगलं अक्षर ओळखलं होतं आणि ते रोज सकाळी त्या हौदात जात होतं.

एका सकाळी, रविवार नसताना, अधीक्षिका बाईंनी मला वर्गातून बोलावून घेतलं आणि भावाला घेऊन ऑफिसात यायला सांगितलं. तिथे बालकल्याण मंडळाच्या एक बाई बसल्या होत्या आणि एक साहेब लिहून घेत होते. मी भावाला कडेवर घेऊन उभी. तो तेव्हा चार वर्षांचा होता, कडेवर घ्यायला जड. खिडकीला जाळी होती आणि जाळीतून पलीकडे, फाटकाजवळच्या नळाशी आई उभी होती. रविवार नसताना ती कशी आली, हे मला नंतर कळलं. लहान मुलाला दत्तक द्यायचं चाललंय, असा निरोप स्वयंपाकीण बाईंनी तिला खळ्यावर धाडला होता. ती तशीच उठून आली होती आणि अधीक्षिका बाईंसमोर हात जोडून म्हणाली होती, मी मावशी नाही, आई आहे.

मंडळाच्या बाईंनी मला विचारलं, "ती बाहेर उभी आहे ती कोण तुमची?"

"मावशी," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "घाबरू नकोस. नीट बघून सांग."

मी नीट बघून पुन्हा मावशी सांगितलं. तेवढ्यात भावाने तिला बघितलं. त्याने माझ्या कडेवरून अंग झोकून दिलं, दोन्ही हात जाळीकडे केले आणि ओरडला, "आई!" इतके दिवस चिमटे काढून शिकवलेलं एका क्षणात गेलं.

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. बाहेर काही ऐकू गेलं नाही. आई तिकडे तोंड करून नुसती उभी होती.

"काय म्हणाला तो?" मंडळाच्या बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "तो सगळ्याच बायांना आई म्हणतो."

बाई थोड्या हसल्या. लिहिणाऱ्या साहेबांकडे बघून त्यांनी मान हलवली. मग मला विचारलं, कितवीत आहेस, आणि शाबासकी दिली.

मला ती तपासणीच वाटली, असं मी पुढे स्वतःला सांगत आले. तपासणीला शिकवलेलं उत्तर दिलं. दहा वर्षांच्या मुलीला काय कळणार.

बाहेर आईला सांगण्यात आलं की प्रवेशाच्या अर्जावर मावशी म्हणून तुमचाच अंगठा आहे, आता आई म्हणता येणार नाही. ती मला भेटायला व्हरांड्यात आली. "तुला काय इचारलं?"

"नाव आणि इयत्ता," मी म्हटलं.

पुढे काही आठवड्यांनी भाऊ गेला. त्याला खलाशासारखा निळी कॉलर असलेला शर्ट घातला होता. हातात बिस्किटांचा पुडा होता आणि त्याचं सगळं लक्ष त्या पुड्यात होतं, त्यामुळे त्याने वळून बघितलं नाही. त्या रात्री चादर कोरडी राहिली म्हणून मला बरं वाटलं. दुसऱ्या सकाळी मी सगळ्यांबरोबर प्रार्थनेला गेले. मला स्कॉलरशिप मिळाली नाही, पण अक्षर टिकलं. त्याच अक्षरावर पुढे टायपिंगच्या क्लासला लागले आणि अठरा वर्षांची झाल्यावर बाहेर पडले. फाटकाबाहेर आई उभी होती. मला ताब्यात घेताना तिने मावशी म्हणूनच अंगठा दिला. आम्ही पंचवटीत एक खोली घेतली. शेजारणी म्हणायच्या, मावशीने पोरीला आईसारखं सांभाळलं. ती काही बोलायची नाही आणि मीही. जिभेला लागलेलं वळण निघालं नाही असं मी म्हणू शकते. खरं तर आई हा शब्द तोंडात आला की मागोमाग ती जाळीच्या खिडकीची ऑफिसची खोली यायची.

तर ही भीती घेऊन मी लोकांचे अर्ज टाइप करत होते. माझी फाइल मागवायची म्हणजे त्या साहेबांनी काय लिहून घेतलं ते घरात येणार. ते वाचून दाखवायला घरात मीच. माझं वाक्य तिथे असेल, "बहिणीने सांगितले की" असं लिहिलेलं असेल. मी आईला टोलवत राहिले. जुने कागद जाळतात, उंदीर खातात, पावसात भिजतात. ती ऐकून घ्यायची. मग एक दिवस तिने परस्पर एका गिऱ्हाइकाला, निवृत्त मास्तरांना विचारलं. ते माझ्यासमोरच म्हणाले, "मिळते की, आजी. स्वतःची फाइल तर मिळायलाच पाहिजे. ही तुमची भाची रोज दुसऱ्यांची मिळवून देते, तुम्हाला का नाही?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी अर्ज टाइप केला.

महिला-बालविकास खात्याच्या जिल्हा कार्यालयात अर्ज घेणारा कारकून तरुण होता. त्याने अर्ज वरून खाली वाचला. "कुणाची फाइल पाहिजे, ताई?"

"माझीच."

"तुमची स्वतःची?" त्याने शेजारच्या टेबलाकडे बघितलं. "ऐकलं का, यांना यांचीच माहिती पाहिजे. लोक इथे दुसऱ्याची भानगड काढायला येतात. स्वतःचं काय माहीत नाही तुम्हाला, ताई?"

शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू गेलं. "घे रे, घे तो अर्ज," त्या म्हणाल्या.

उत्तर मुदतीत आलं नाही. मग आलं ते असं की रेकॉर्ड संस्थेकडे आहे. संस्थेने कळवलं की रेकॉर्ड खात्याकडे आहे. मला मनातून बरं वाटत होतं. पण आईला कायदा माझ्याइतकाच येत होता. "आपील कर," ती म्हणाली. मी अपील केलं. सुनावणीला एक वयस्क अधिकारी होते. शांत बोलणारे. ते म्हणाले, तुमची स्वतःची पानं मिळतील, पण भावाला कुणी नेलं, कुठे नेलं, ते देता येणार नाही. ती त्रयस्थ व्यक्तीची माहिती झाली.

"तो माझा सख्खा भाऊ आहे," मी म्हटलं.

"असेल. पण कायद्याने आता तो दुसऱ्या घरचा. उद्या तो स्वतः आला तर त्याला त्याची फाइल बघता येईल. तुम्हाला नाही."

आई माझ्या शेजारी बसली होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "म्हंजी तो यील का इथं?" मी म्हटलं, कसं सांगू. पण सीबीएस स्टँडवर बस धरेपर्यंत ती मागे वळून त्या इमारतीकडे बघत होती, तो आत्ता जिना चढत असल्यासारखी.

झेरॉक्सचा गठ्ठा पोस्टाने आला. रविवार होता. आईने आंघोळ करून धुतलेलं पातळ नेसलं, समोर पाट घेऊन बसली आणि म्हणाली, "वाच." मी एकेक पान वाचलं. प्रवेशाचा अर्ज, त्यावर तिचा अंगठा, काळा, फिसकटलेला. माझे उंची-वजनाचे आकडे. खरूज. कानातून पू. चाचणी परीक्षेचे गुण. वर्तणूक: समाधानकारक. आणि मग चौकशीचं पान. आमच्या दोघांच्या नावे एकच चौकशी झाली होती म्हणून ते माझ्या फाइलीत राहिलं होतं. मी ते आधी मनात वाचलं.

माझं वाक्य तिथे नव्हतं. "बहिणीस विचारले असता" असंही नाही, काहीच नाही. लिहिलं होतं की सदर बालकांचे माता-पिता मयत असून नातेवाईक म्हणून मावशी आहे. सदर स्त्रीने आपण माता असल्याचे तोंडी सांगितले, परंतु अर्जावरील अंगठा पाहता ते ग्राह्य धरता येत नाही. आणि खाली: लहान बालकास मातेची ओळख नाही. सबब पुढील कार्यवाही करण्यास हरकत नाही.

त्या एका ओळीत मी होते. मी बोललेलं साहेबांनी सरकारी भाषेत घातलं आणि त्यात मी दिसेनाशी झाले. एवढी वर्षं ज्याची धास्ती घेतली ते कागदावर नव्हतंच. मी सुटले होते. मला खरोखर हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात मी ती ओळ मोठ्याने वाचली.

आई म्हणाली, "वळख नाय म्हंजी?"

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"त्यानं मला वळाखलं नाय?" ती माझ्याकडे बघत होती. "तू व्हतीस ना तवा तिथं. त्यानं बघितलं ना मला? मी नळापाशी हुबी व्हते."

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

त्या दहा वर्षांच्या मुलीला कुणी माफ करायचं असेल तर करो. हे दुसरं मी पंचविशी ओलांडल्यावर बोलले. पूर्ण शुद्धीत, कागद हातात धरून.

त्या आधी आईची एक सवय होती. सीबीएसवर, भाजी बाजारात, गोदाकाठी, कुठेही त्या वयाचा मुलगा दिसला की ती त्याच्याकडे टक लावून बघायची. कंडक्टर, कॉलेजची पोरं, मोटरसायकल पुसणारे. एकदा एक जण चिडला, "काय आजी, ओळखता का?" ती म्हणाली, "वळखायलाच बघतीय, बाबा." मला तेव्हा लाज वाटायची. चौकशीचं पान वाचल्यावर तिने बघणं सोडलं. बसमध्ये मुलं समोर उभी असली तरी ही खिडकीबाहेर. मी एकदा मुद्दाम म्हटलं, तो बघ, कसा उंच आहे. ती म्हणाली, "बघून काय करू? त्यानं थोडंच मला वळखायचंय."

पायरीवर यायचंही तिने बंद केलं. डबा मीच सकाळी नेऊ लागले. असं वर्ष गेलं. त्या वर्षात मी किती अर्ज टाइप केले असतील. लोक यायचे आणि म्हणायचे, ताई, खरं काय ते फक्त लेखी पाहिजे.

उन्हाळ्यात आम्ही वर्षाचा कांदा घ्यायचो. गॅलरीत पोतं ओतलं होतं आणि आई सवयीने निवडायला बसली होती. मोठा एकीकडे, गोल्टी एकीकडे. भर दुपार होती. मी शेजारी बसले. निवडता निवडता ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "माजंच चुकलं. दोन-तीन रैवार चुकले माझे. सीजन व्हता, मुकादम सोडत नव्हता. तेवढ्यात इसरलं पोर. अंगावर पाजलेलं पोर, पर त्याला तरी काय दोष."

इतके दिवस मी समजत होते की तिला तिच्या अंगठ्याचं दुःख आहे. ती रविवार मोजत बसली होती.

मी म्हटलं, "तो विसरला नव्हता. त्याने तुला बघितलं. आई म्हणून ओरडला. तुला ऐकू गेलं नाही."

तिचे हात चालूच होते. "तुला आठवत नाय म्हणलीस."

"आठवतं. मला सगळं आठवतं."

"हात केला त्यानं?"

"दोन्ही."

"मग कागदावर तसं का लिव्हलं?"

"मी म्हटलं, तो सगळ्याच बायांना आई म्हणतो."

तिने आणखी चार कांदे निवडले. मग म्हणाली, "तुला तपासणी वाटली आसंल."

माझ्या आईने मला ती वाट काढून दिली. मी काही न बोलता नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ती तेवढ्यावर राहिली असती, आणि कदाचित मीही राहिले असते.

"नाही," मी म्हटलं. "तपासणीला नव्या चादरी घालतात. आदल्या दिवशी बाई कपाटातून काढून देतात आणि साहेब गेले की परत घड्या करून ठेवतात. त्या दिवशी घातल्या नव्हत्या. मी सकाळी त्याची जुनीच चादर धुऊन आले होते. ती तपासणी नाही, हे मला माहीत होतं."

"मग?"

"चादरी धुवायचा कंटाळा आला होता. आणि तू आम्हाला घेऊन जाशील, परत खळ्यावर, असं वाटलं. मला यायचं नव्हतं."

तिने हातातला कांदा ढिगावर ठेवला. सडका होता, तो चांगल्यात ठेवला. मग पदर झटकून उठली, आत गेली आणि पिशवी भरायला लागली. मी अडवलं नाही. ती सिन्नरला तिच्या भावाकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, "कांदा पसरून ठेव, नायतर सडंल."

ती नव्हती त्या दिवसांत मी एक काम केलं. कधी ना कधी भाऊ स्वतःची फाइल मागेल आणि ती ओळ वाचेल, हे डोक्यातून जाईना. मी एक निवेदन टाइप केलं. जे घडलं ते, माझ्या वाक्यासकट, आणि कार्यालयात नेलं. तोच तरुण कारकून होता. या वेळी त्याने चेष्टा केली नाही. वाचून झाल्यावर कागद उलटा-सुलटा केला.

"ताई, हे कशात लावू? ती फाइल बंद झालेली आहे. बंद फाइलीत नवा कागद लागत नाही."

"तुम्ही घ्या तर."

"घेतो. शिक्का मारून देतो. पण लागेल असं सांगत नाही."

त्याने आवकचा शिक्का मारला. माझ्या प्रतीवरचा तो शिक्का आता फिकट झाला आहे. कागद फाइलीला लागला की नाही, हे मी पुढे कधी विचारलं नाही. विचारायला पुन्हा अर्ज करावा लागला असता आणि नाही असं उत्तर लेखी आलं असतं.

आई पावसाळ्याच्या तोंडाला परत आली. मामीशी पटलं नाही म्हणाली. गुडघे धरले होते. आमचं बोलणं हळूहळू चालू झालं, गॅस संपला, पाणी आलं, एवढ्यापुरतं. माझ्या हातचं ती जेवायची. माझ्या डोक्याला तेल लावायची ते मात्र बंद झालं ते कायमचंच. पण बसमध्ये पुन्हा मुलांकडे बघायला लागली. एकदा एका कंडक्टरने तिला हात देऊन वर चढवलं तर उतरेपर्यंत त्याच्याकडे बघत होती आणि तोंडावर हसू होतं.

आणि एका संध्याकाळी, मी दुकानातून येऊन पाय धूत होते, ती आतून म्हणाली, "तो कसा म्हणला व्हता गं?"

"काय?"

"जाळीतून. कसा म्हणला ते म्हणून दाखव."

मी ओल्या पायांनी दारात उभी राहिले. इतक्या वर्षांत तो शब्द मी तिला उद्देशून उच्चारला नव्हता. ती थांबली. मग मी म्हटलं. चार वर्षांच्या मुलासारखा ओरडून, शेवटचं अक्षर लांबवून.

"आसं?" ती म्हणाली. "पुन्यांदा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. शेजारची पोरगी डोकावून गेली.

त्यानंतर ती जाईपर्यंत, अधूनमधून, मनात आलं की ती मला तसं म्हणायला सांगायची. शेवटी दवाखान्यात असताना तर रोज. मी तिच्या कानाशी वाकून त्याच्या आवाजात म्हणायचे आणि ती डोळे मिटून ऐकायची. माझ्या आवाजात म्हण, असं तिने कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. तिला मी शेवटपर्यंत मावशीच म्हटलं.